मांडणी सपाट आणि गजबजलेली दिसते: टाकीत आणखी वनस्पती घालाव्यात की असलेल्या काढाव्यात?

हिरवीकाच

सप्रेम नमस्कार. माझी मासे आणि पाणवनस्पतींची काचेची टाकी ६० सेंटिमीटर लांब, पुढून मागे ३० सेंटिमीटर आणि ३६ सेंटिमीटर उंच आहे. तळाशी साधारण चार सेंटिमीटर जाडीचा बारीक खडीचा सपाट थर आहे. बरोबर मध्यभागी फांद्या असलेले एक ड्रिफ्टवूड, म्हणजे शोभेचे वाळलेले लाकूड, उभे आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वनस्पती लावलेल्या आहेत. वनस्पतींच्या वाढीसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही आणि बसवण्याचा विचारही नाही. एलईडी दिवा रोज दहा तास चालू असतो. मासे म्हणजे दहा निऑन टेट्रा आणि ड्वार्फ गुरामीची एक जोडी.

वनस्पती अकरा प्रकारच्या आहेत: अॅमेझॉन स्वोर्ड, जावा फर्न, अन्युबियास नाना, क्रिप्टोकोरिन वेंडटी, व्हॅलिस्नेरिया, रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला, अंबुलिया, दोन्ही कोपऱ्यांत एकेक लाल अल्टरनँथेरा, आणि पांढऱ्या कडांच्या ताठ पानांची एक वनस्पती, जिचे नाव मला ठाऊक नाही. बहुतेकांची एक किंवा दोनच रोपे आहेत. रोपे मेलेली नाहीत, पण टाकी समोरून पाहिली की सगळे एकाच पातळीवर चिकटवल्यासारखे वाटते. नजर कुठे थांबत नाही, खोली जाणवत नाही. अल्टरनँथेराची पाने आता तपकिरी-हिरवी पडू लागली आहेत आणि अन्युबियासच्या पानांच्या कडांवर काळ्या केसाळ शेवाळाचे पुंजके आले आहेत.

माझा प्रश्न असा की, पुढच्या भागात हिरवळीसारखे कार्पेट करून आणि आणखी दोनतीन प्रकार घालून हा सपाटपणा जाईल का, की मांडणीच मुळातून बदलावी लागेल? बदलायची असेल, तर मासे आणि वनस्पती न गमावता ते कसे करावे?

खोलपाणी

आपण टाकीचे वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्र नसतानाही ती डोळ्यांसमोर उभी राहते. माझ्या मते आपला प्रश्न वनस्पतींच्या संख्येचा नसून जमिनीचा आहे, आणि जमीन सपाट आहे तोपर्यंत तिच्यावर काहीही लावले तरी परिणाम तोच राहील.

यामागे प्रकाशाचा एक साधा नियम आहे. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३ आहे, त्यामुळे समोरच्या काचेतून सरळ पाहताना टाकीची खोली प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी भासते. आपल्या टाकीची मागची काच ३० सेंटिमीटरवर असली, तरी डोळ्याला ती साडेबावीस सेंटिमीटरवर असल्यासारखी वाटते. पाणी भरल्यावर टाकी उथळ दिसू लागते ती यामुळेच. ही गमावलेली खोली परत मिळवण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उतार. पुढच्या काचेपाशी खडीचा थर तीन सेंटिमीटर आणि मागच्या काचेपाशी दहा सेंटिमीटर ठेवला, तर मागची जमीन समोरून पाहणाऱ्याला उघड दिसू लागते आणि पुढच्या रोपामागे दुसरे, त्यामागे तिसरे रोप वर वर चढत गेलेले दिसते. सध्या आपल्या टाकीत पुढची रोपे मागच्यांना झाकत असणार.

हिशेब करायचा तर सरासरी साडेसहा सेंटिमीटर जाडीसाठी आपल्याला सुमारे बारा लिटर खडी लागेल. आज टाकीत सातच्या आसपास आहे, म्हणजे आणखी पाच लिटर पुरे. केवळ खडीचा उतार मात्र टिकत नाही. मासे, पाण्याचा प्रवाह आणि आपले हात मिळून काही महिन्यांत तो सपाट करतात. म्हणून मागच्या अर्ध्या भागात खडीच्या पोटात लाव्हा दगडाचे तुकडे जाळीच्या पिशवीत भरून ठेवावेत, आणि उताराच्या मध्यावर दोनतीन दगड असे रोवावेत की ते बांधासारखे खडी अडवून धरतील. या दगडांचा तिसरा हिस्सा तरी खडीत गाडलेला असावा. वर नुसता ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो, जमिनीतून वर आल्यासारखा दिसत नाही.

आता लाकडाबद्दल. मधोमध उभे केलेले लाकूड टाकीचे दोन सारखे तुकडे करते, आणि दोन सारख्या तुकड्यांत नजर कुठेच रमत नाही, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हिंदकळत राहते. ते उचलून डाव्या काचेपासून सुमारे २३ सेंटिमीटरवर आणावे, म्हणजे उजवीकडे ३७ सेंटिमीटर मोकळे राहतील. हे सुवर्ण गुणोत्तराचे, म्हणजे १ : १.६१८ चे विभाजन झाले. लाकूड मागच्या काचेला समांतर ठेवू नये. बुंधा मागे आणि फांद्या पुढे-उजवीकडे, मोकळ्या पाण्याकडे झुकतील अशा बेताने थोडे तिरपे फिरवावे. एखादी फांदी पुढच्या काचेच्या पाचसहा सेंटिमीटर जवळ आली, तर खोलीचा भास चांगलाच वाढतो, कारण मग डोळ्याला जवळची आणि दूरची अशी दोन टोके मिळतात.

दगड घालणार असाल तर एकाच जातीचे घाला आणि आकारांत ठळक फरक ठेवा: एक मोठा, एक त्याच्या दोनतृतीयांश, बाकी लहान. मोठे पुढे आणि लहान मागे ठेवले की मागचे दूरवर असल्यासारखे वाटतात. चुनखडीच्या जातीचे दगड पाण्याचा कठीणपणा वाढवतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे येतात का ते आधी पाहावे. बुडबुडे आले तर मऊ पाणी मानवणाऱ्या आपल्या निऑन टेट्रांचा विचार करून तो दगड बाजूला ठेवणे बरे.

हे सगळे टाकीत हात घालण्याआधी बाहेर करून पाहता येते. पुठ्ठ्यावर ६० गुणिले ३० चा चौकोन आखावा, त्यावर वाळूचा उतार करावा, लाकूड आणि दगड मांडावेत आणि डोळे टाकीच्या मध्याच्या उंचीवर आणून मोबाइलने छायाचित्र काढावे. ते छायाचित्र कृष्णधवल करून आणि आडवे उलटवून पाहिले की कुठे भार जास्त झाला आहे ते लगेच कळते. मांडणी आवडली तरी ती दोन दिवस तशीच ठेवावी आणि येता-जाता पाहावी. पहिल्या दिवशी आवडलेल्या मांडणीत तिसऱ्या दिवशी काहीतरी खटकतेच.

पानपसारा

खोलपाणी यांनी जमिनीचे सांगितले, मी लागवडीचे सांगतो. आपण विचारले आहे की आणखी दोनतीन प्रकार घालावेत का. माझे स्पष्ट मत आहे की पाच प्रकार काढावेत.

डच पद्धतीच्या टाक्यांत, जिथे वनस्पतींची विविधता हाच सोहळा असतो, तिथेही टाकीच्या लांबीच्या दर दहा सेंटिमीटरला फार तर एक प्रकार, असा आडाखा पाळतात. त्या हिशेबाने आपल्या टाकीला सहा प्रकारांची मर्यादा आहे, आणि त्याही पद्धतीत प्रत्येक प्रकाराचा भरगच्च गट असतो. एकेका प्रकाराचे एकेक रोप लावले की ती लागवड राहत नाही, नमुन्यांचा संग्रह होतो.

काय काढावे ते सांगतो. अॅमेझॉन स्वोर्ड चांगले वाढले तर ४० सेंटिमीटरच्या पुढे जाते. ३६ सेंटिमीटर उंचीच्या टाकीत, त्यातही उतार केल्यावर, ते इतर सगळ्यांवर सावली धरील. ते मोठ्या टाकीचे रोप आहे. पांढऱ्या कडांची ताठ पाने म्हणजे ती बहुधा ड्रसीना असावी. ती पाणवनस्पती नव्हेच. पाण्याखाली काही महिने तग धरते आणि मग खालून कुजू लागते. तिला बाहेर काढून, मुळे तेवढी पाण्यात राहतील अशी लावली तर छान जगेल. अल्टरनँथेराला लाल राहण्यासाठी भरपूर प्रकाश लागतो, आणि कार्बन डायऑक्साइड न देता प्रकाश वाढवला तर वनस्पतींच्या आधी शेवाळ त्याचा लाभ घेते. शिवाय दोन कोपऱ्यांत दोन लाल ठिपके म्हणजे नजरेला दोन्हीकडून हाका. लुडविजियाची गतही कमी प्रकाशात तीच होते. लालसर रंग हवाच असेल तर क्रिप्टोकोरिन वेंडटीची तपकिरी जात मंद प्रकाशातही आपला रंग बऱ्यापैकी राखते. तिचा एकच गट लाकडाच्या पायथ्याशी, थोडा सावलीत लावा.

पाचवी अंबुलिया, पण ती लगेच काढू नका. झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतात आणि मांडणी हलवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हे फार उपयोगी पडते. उजव्या मागच्या कोपऱ्यात तिची दाट रांग राहू द्या, बाकीची रोपे रुजली की मग ती काढा.

आता राहिलेल्यांची जागा. जावा फर्न आणि अन्युबियास आपण खडीत लावले आहेत की लाकडावर, हे आपण लिहिलेले नाही. खडीत असतील तर पहिल्यांदा ते बाहेर काढा. या दोन्हींचे राइझोम, म्हणजे ज्यातून पाने आणि मुळे फुटतात ते आडवे जाड खोड, खडीखाली गाडले गेले की कुजते. जावा फर्नचा जुना पुंजका हातात घेतला की राइझोम तीनचार ठिकाणी फाटे फोडून गेलेले दिसते. धारदार पात्याने ते असे कापा की प्रत्येक तुकड्यावर किमान तीनचार पाने राहतील. काळ्या पडलेल्या, तुटक्या मुळ्या बोटभर ठेवून छाटा आणि तुकडे लाकडाच्या बेचक्यांत सुती दोऱ्याने बांधा, किंवा सायनोअॅक्रिलेटच्या, म्हणजे सुपरग्लूच्या, घट्ट जेलचा मुगाएवढा थेंब लावून दाबून धरा. जेल पाण्यात पांढरे पडते, म्हणून ते पानांच्या आड येईल अशी बाजू निवडा. सुती दोरा यथावकाश कुजून गळून पडतो. तोवर मुळांनी लाकूड धरलेले असते.

अन्युबियासवरचे काळे शेवाळ हा जागेचा प्रश्न आहे. त्याची पाने फार सावकाश वाढतात आणि महिनोन् महिने तशीच राहतात, म्हणून थेट प्रकाशात त्यांच्यावर शेवाळ बसायला भरपूर वेळ मिळतो. फांदीच्या खालच्या बाजूला, सावलीत लावलेले अन्युबियास सहसा स्वच्छ राहते. खराब झालेली पाने देठासकट काढून टाका, ती पुन्हा सुधारत नाहीत. आणि दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणा. पुढे सगळे स्थिरावल्यावर सात किंवा आठ तासांपर्यंत जाता येईल, पण कार्बन डायऑक्साइड न देता दहा तास म्हणजे शेवाळाला आमंत्रणच.

रोटाला मागे, लाकडाच्या उजवीकडे. बारीक पानांची वनस्पती मागे आणि रुंद पानांची पुढे असली की मागचा भाग दूर वाटतो. मोठे पान मागे आणि बारीक पुढे लावले तर टाकी आणखी आखूड दिसते. रोटाला एका ओळीत लावू नका. एकेक काडी चिमट्यात धरून, खालच्या दोन पेरांवरची पाने काढून, थोडी तिरपी करून खडीत खोल खुपसा आणि दोन काड्यांत दीडदोन सेंटिमीटर अंतर ठेवा. सरळ खुपसलेली काडी तरंगून वर येते, तिरपी टिकते. हायग्रोफिला तिच्याच शेजारी ठेवण्याचा मोह टाळा, दोघींचा वेग निराळा आहे. ती डाव्या मागच्या कोपऱ्यात, लाकडाच्या आड बरी. तिची वाढ इतकी जोमदार असते की आठवड्याला हात लावावा लागेल.

कार्पेटबद्दल थोडक्यात: कार्बन डायऑक्साइडशिवाय मॉन्टे कार्लो किंवा हेमिअँथस क्युबा या कार्पेटच्या बुटक्या वनस्पतींच्या नादी लागू नका. पहिली फार रेंगाळते आणि दुसरी बहुधा विरून जाते. पुढचा भाग मोकळा ठेवा. बारीक वाळूची एक पट्टी पुढे १२ सेंटिमीटर रुंद आणि मागे जाता जाता दोनतीन सेंटिमीटरपर्यंत निमुळती होत लाकडामागे नाहीशी झाली, तर ती कार्पेटपेक्षा जास्त खोली देईल. मोकळी जागाही मांडणीचा भाग असते, आणि माझ्या पाहण्यात घरच्या टाक्यांत कमतरता असते ती बहुतेक वेळा हिचीच.

संथकाठ

वरील दोन्ही उत्तरे वाचली. बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, दोन बाबतींत मात्र वेगळे मत नोंदवतो.

सुवर्ण गुणोत्तराचा इतका काटेकोर हिशेब करण्याचे कारण मला दिसत नाही. २३ सेंटिमीटर की २५, हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि रोपे वाढली की दृश्य भार कुठल्या कुठे सरकतो. मध्य टाळला, एक बाजू उंच आणि भरगच्च ठेवली, दुसरी खाली उतरत गेली, एवढे पुरते. या प्रकारच्या टाक्यांना जगभर लोकप्रिय करणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या मांडण्यांत जपानी बागेतल्या दगडांच्या रचनेचा प्रभाव स्पष्ट दिसतो. तिथे मुख्य दगड आधी ठरतो आणि बाकीचे त्याच्याशी कसे झुकतात हे डोळ्याने ठरवले जाते. मोजपट्टी शेवटी, पडताळणीसाठी घ्यावी. माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे: लाकडाची फांदी ज्या दिशेला झुकते, त्याच दिशेला दगडांचे कंगोरे आणि रेषाही झुकू द्या. पाण्याच्या एकाच प्रवाहाने सगळे तसे घडले असावे असे वाटले, की अर्धी कृत्रिमता जाते.

दुसरी बाब गंभीर आहे. मुरलेली खडी उकरली की तिच्यात साठलेला मैला आणि कुजलेली मुळे पाण्यात मिसळतात आणि अमोनिया एकदम वाढू शकतो. कुठे कुठे काळपट कप्पे फुटून कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. दोन्ही माशांना घातक आहेत. तेव्हा मासे टाकीत ठेवून उतार करण्याचा विचारही करू नये.

क्रम असा ठेवावा. टाकीतलेच निम्मे पाणी एका स्वच्छ, साबण न लागलेल्या मोठ्या बादलीत घ्यावे, मासे त्यात सोडावेत, वर जाळी किंवा झाकण ठेवावे आणि फिल्टर त्याच बादलीत चालू ठेवावा. फिल्टरमधल्या स्पंजावर आणि सिरॅमिकच्या नळ्यांवर अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. तो बंद पडून तासन् तास तसाच राहिला किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतला, तर ते मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या पायरीवर येते. हीटर असेल तर तोही बादलीत हलवावा. मग वनस्पती काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात. उरलेले गढूळ पाणी खडी धुऊन झाल्यावर फेकून द्यावे, ते जपण्यात काही अर्थ नाही, कारण जिवाणू पाण्यात फारसे नसतात. खडी टाकीतल्याच पाण्यात दोनदा खळबळून घ्यावी, नवी खडी मागच्या भागात खाली आणि जुनी तिच्यावर पसरावी. लाकूड, दगड, मग वनस्पती, या क्रमाने काम करावे आणि लावताना रोपांवर सतत पाणी फवारत राहावे. रोटालाची कोवळी पाने वाऱ्याने फार लवकर सुकतात.

पाणी भरताना खडीवर थाळी ठेवून तिच्यावर बारीक धार सोडावी, नाहीतर केलेला उतार पहिल्याच मिनिटाला वाहून जाईल. नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि जुन्याच तापमानाचे असावे. पाणी निवळल्यावर अमोनियाची चाचणी करावी, ती शून्य दाखवील तेव्हाच मासे परत सोडावेत, आणि पुढचा आठवडाभर रोज चाचणी घेऊन गरज पडेल तसे पाणी बदलावे.

हिरवीकाच

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. जावा फर्न आणि अन्युबियास दोन्ही खडीतच लावलेले आहेत, म्हणजे ते आधी सोडवतो. काही शंका उरल्या आहेत. ड्रिफ्टवूड खालून स्लेटच्या पाटीला स्क्रूने जोडलेले आहे, त्यामुळे ते तिरपे करता येत नाही. पाटी काढली तर ते तरंगेल का? क्रिप्टोकोरिन हलवले की त्याची पाने विरघळतात असे वाचले आहे, ते खरे आहे का? मागच्या काचेवर निळ्या पाण्याचे आणि प्रवाळांचे छापील चित्र लावलेले आहे, ते ठेवावे का? आणि व्हॅलिस्नेरिया मला काढवत नाही. तिची लांब पाने प्रवाहात हलताना पाहायला फार आवडतात, पण ती पाण्याच्या पृष्ठभागावर पसरून सावली करते. तिला वरून कात्रीने सरळ कापले तर चालेल का?

खोलपाणी

पाटी काढू नका, तिचा उपयोग करून घ्या. नव्या उतारावर पाटीच तिरपी बसवली की लाकूड आपोआप पुढे झुकेल, आणि सात-आठ सेंटिमीटर खडीखाली ती दिसणारही नाही. पाटीच्या मागच्या कडेखाली दगडाचा तुकडा सरकवून कोन हवा तितका करता येईल. लाकूड बराच काळ पाण्यात असल्याने आता ते तरंगण्याची शक्यता कमी आहे, पण पाटी असताना ती जोखीम घ्यायचीच कशाला?

समुद्रातल्या प्रवाळांचे चित्र मात्र आजच काढा. गोड्या पाण्यातल्या निऑन टेट्रांनाही ते विचित्र वाटत असेल. काळा कागद लावला तर हिरवा रंग उठून दिसतो, हीटर आणि फिल्टरची नळी त्यात विरून जातात, पण टाकी किंचित बंदिस्त वाटते. दुधी, अर्धपारदर्शक फिल्म लावली तर मागे धुके असल्यासारखे वाटते आणि खोली वाढते. तुमचा प्रश्न खोलीचा असल्याने मी दुधी फिल्म लावीन. हीटर मात्र तिच्यापुढे उघडा पडतो. तो हायग्रोफिलाच्या कोपऱ्यात, पाने त्याला चिकटणार नाहीत इतके अंतर राखून आडवा बसवा. तो आडवा चालतो की नाही हे त्याच्या सूचनापत्रकात पाहून घ्या.

पानपसारा

क्रिप्टोकोरिनविषयी आपण वाचले ते खरे आहे. मुळे हलली किंवा पाण्यात एकदम बदल झाला की काही दिवसांत सगळी पाने पारदर्शक होऊन विरघळू शकतात. तेव्हा घाबरून रोप उपटू नका. कुजलेली पाने चिमट्याने काढून घ्या. मुळे शाबूत असली तर काही आठवड्यांत त्याच जागी नवी पाने फुटतात, आणि ती नव्या परिस्थितीत वाढलेली असल्याने टिकाऊ असतात. शक्य असेल तर क्रिप्टोकोरिन मुळांभोवतीच्या खडीच्या गोळ्यासकट उचला आणि लावल्यावर जवळच एक खताची गोळी पुरा. आपली खडी निष्क्रिय आहे, तिच्यातून वनस्पतींना काहीच मिळत नाही, आणि क्रिप्टोकोरिन बरेचसे अन्न मुळांवाटे घेते. लाकडावरच्या फर्नला आणि अन्युबियासला गोळीचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी द्रवखत, तेही बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे.

व्हॅलिस्नेरिया आपल्याला आवडते तर राहू द्या, पण मग हायग्रोफिला काढा. डाव्या मागच्या कोपऱ्यात दोघींना जागा नाही. वरून सरळ कापलेल्या व्हॅलिस्नेरियाच्या पानांची टोके तपकिरी पडून कुजत जातात आणि दिसतातही बोथट. त्यापेक्षा सर्वांत लांब पाने बुडापासून एकेक करून काढावीत, म्हणजे आतली कोवळी, आखूड पाने राहतात. तिचे धुमारे खडीखालून पसरतात आणि थोड्याच महिन्यांत ती वाळूच्या पट्टीत डोके वर काढते. तिच्या पुढे प्लास्टिकची सहासात सेंटिमीटर उंच पट्टी खडीत उभी गाडली, तर धुमारे बरेचसे अडतात. एक सावधगिरी: ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असते. काळ्या शेवाळावर ते काम करते, पण व्हॅलिस्नेरियाला ते सहसा मानवत नाही, तिची पाने वितळतात.

रोटालाच्या छाटणीबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण सगळी मांडणी शेवटी कात्रीवर टिकते. पहिल्यांदा शेंडे पृष्ठभागाच्या जवळ आले की फार खाली, खडीपासून सात-आठ सेंटिमीटरवर कापा. जीव होत नाही, पण कापा. कापलेल्या पेरापासून सहसा दोन फुटवे येतात आणि झुडूप दाट होते. दुसऱ्या छाटणीला पहिल्या कापाच्या दोनतीन सेंटिमीटर वर कापायचे, तिसऱ्याला आणखी थोडे वर, आणि दर वेळी पुढची कड मागच्यापेक्षा खाली ठेवायची, म्हणजे घुमटाचा आकार येतो. सुरुवातीलाच वर कापले तर फुटवे फक्त वरच येतात, खालचे देठ उघडे पडतात आणि उजेड न मिळाल्याने खालची पाने गळतात. तशी वेळ आलीच, तर जुने देठ उपटून टाकून निरोगी शेंडे पुन्हा लावणे हाच मार्ग.

शेवाळशत्रू

मूळ प्रश्नात आलेल्या काळ्या शेवाळाबद्दल थोडी भर. दिव्याचे तास कमी करण्याबरोबर फिल्टरच्या तोंडाची दिशाही पाहा. हे शेवाळ बहुधा जिथे प्रवाह जोरात आदळतो आणि पानावर मैला साचतो अशा कडांवर धरते. प्रवाह पुढच्या काचेच्या बाजूने लांबीच्या दिशेने फिरून मागून परत यावा, एकाच रोपावर थेट आदळू नये. नव्या मांडणीनंतर पहिले काही आठवडे काचेवर आणि वाळूवर तपकिरी लेप येईल. तो डायाटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, पुसून टाकला की पुरे, त्यासाठी औषध घालू नका. नवे लाकूड घातले तर त्यावर पांढरी, चिकट बुरशीसारखी साय येते, तीही निरुपद्रवी आहे आणि आपोआप जाते. आपले लाकूड जुने असल्याने बहुधा ती दिसणारच नाही.

माशांची संख्या आहे तेवढीच राहू द्या. लहान माशांचा एकच थवा असला की टाकी मोठी दिसते, आणि ते काम आपले निऑन करतातच. गुरामींना दाट मागची बाजू आणि थोडी तरंगती पाने आवडतात, त्यामुळे व्हॅलिस्नेरियाची चारपाच लांब पाने त्या कोपऱ्यापुरती पृष्ठभागावर राहिली तरी हरकत नाही. बाकीची मात्र दर पंधरवड्याला बुडापासून काढत राहा, म्हणजे खालच्या क्रिप्टोकोरिनला उजेड मिळेल.